दुपारचा पहारा

वडगाव निंबाळकर सोडून सोमेश्वरनगरच्या रस्त्याला लागलं की ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. तिथे हिंदुराव राहतात. घरचे आणि दारचे सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांचा आवाज मोठा. पूर्वी तो त्यांच्याआधी पोहोचायचा. मोटारसायकल बांधावर दिसायच्या आत शिवी ऐकू यायची, आणि खुरपणाऱ्या बायका मान वर न करता एकमेकींना सांगायच्या, "आलं गं बाई वारं."

ओरडून झालं की तात्या जेवायला बसायचे. तेव्हा आवाज खाली आलेला असायचा. भाकरीचा तुकडा मोडता मोडता ते म्हणायचे, "मला काय हौस हाय व्हय चिडायची? माणसं चिडायला लावत्यात." त्यांची बायको कुशाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "व्हय." त्या एका शब्दावर तिचा संसार उभा होता. तात्यांना तो होकार वाटायचा.

राग बाहेरून येतो, वाऱ्यासारखा, पावसासारखा, आणि आपण नुसते त्याच्या वाटेत उभे असतो, असं तात्यांना साठीपर्यंत खरंच वाटत होतं. मग चंद्रीचं झालं.

चंद्री ही त्यांची गाय. गाभण होती, दिवस भरत आले होते. एका सकाळी ती गव्हाणीपाशी उभी राहीना, दावं ओढायला लागली आणि तिच्या शिंगाचा फटका तात्यांच्या कोपराला बसला. हातात पाण्याचा पाईप होता. तो किती वेळ चालला हे त्यांना आठवत नाही. गोठ्याच्या दारात त्यांची सून राजलक्ष्मी शेणाची पाटी घेऊन उभी होती एवढं आठवतं. तिचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

दोन दिवसांनी चंद्री व्याली. वासरू मेलेलं होतं. चंद्री त्याला चाटत राहिली. चाटून चाटून तिने ते कोरडं केलं, आता उठेल म्हणून नाकाने ढोसलं, पुन्हा चाटलं. तात्या तिथेच उभे होते. मुलगा दीपक बारामतीच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला, बघितलं, आणि फावडं घेऊन खड्डा काढायला गेला. राजलक्ष्मीने चंद्रीला गरम पाणी आणि गूळ दिला. कुणी काही बोललं असतं तर तात्यांना ओरडता आलं असतं.

त्या संध्याकाळी ते बापूसाहेबांकडे गेले.

बापूसाहेब वस्तीवरच्या विठोबाच्या देवळातले सगळ्यांत वयस्क माळकरी. त्यांच्या घरची मेंढरं होती. तरुणपणी दिवाळी झाली की कळपामागे घाट उतरून कोकणात जायचे, पावसाच्या आधी परत यायचे. आता मेंढरं नाहीत, मुलं ट्रॅक्टर चालवतात, पण उभं राहताना बापूसाहेब अजून काठीवर हनुवटी टेकवून उभे राहतात. समोर कळप असल्यासारखे.

"माळ घालायची म्हणतुयास," बापूसाहेब म्हणाले. "घाल की. मटण सोडायला लागंल."

"सोडलं."

"दारू."

"दारू मी कवा पितो?"

"मग तुला सोडायला दुसरं काय तरी हुडकावं लागंल," बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांनी विठोबाच्या पायाला लावून तुळशीची माळ तात्यांच्या गळ्यात घातली.

तात्या नियमाला पक्के निघाले. पहाटे आंघोळ, कपाळाला बुक्का, संध्याकाळी भजन. गाईंवर हात उचलला नाही. महिना-दोन महिने घरालाही वाटलं, वारं पडलं. पण राग कुठे गेला नव्हता. त्याने फक्त धोतर नेसलं होतं. देवळाच्या पायरीजवळ कुणाची चप्पल दिसली की तात्या ती भिरकावून द्यायचे. भजनात कुणाचा ताल चुकला की गाणं थांबवून त्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. भाच्याच्या लग्नात दुसऱ्या दिवशी मटणाचा बेत आहे असं कळल्यावर मांडवातच असे बरसले की नवरीच्या आईला रडू आलं. पूर्वी ओरडून झाल्यावर जेवताना जी थोडी टोचणी लागायची, तीही बंद झाली. आता ते देवाच्या बाजूने ओरडत होते.

चहाच्या टपरीवर पोरं म्हणायची, "तात्यांच्या शिवीला पण आता सोवळं लागतं."

बापूसाहेबांनी एकदा वाटेत गाठून सांगितलं, "हिंदुराव, माळ तुझ्या गळ्यात हाय. गावाच्या गळ्यात घालू नगंस."

"म्हंजे? मी काय वाईट सांगतो का?"

"न्हाय. चांगलंच सांगतुयास." बापूसाहेब काठी टेकत पुढे गेले.

श्रावणात राजलक्ष्मीचे वडील वारले. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. फोन आला तशी ती अंगावरच्या लुगड्यानिशी दीपकच्या मागे गाडीवर बसून गेली. दुसऱ्याच दिवशी इकडे कुशाबाईला ताप भरला. गोठ्यात चार दुभत्या गाई. तात्यांनी स्वतः धारा काढायचा प्रयत्न केला, पण गाईंना राजलक्ष्मीच्या हाताची सवय होती. सावडणं झाल्याचं कळल्याबरोबर त्यांनी दीपकला फोन लावला.

"घेऊन ये तिला. दहाव्याला परत जाऊ दे. हितं गायांच्या कासा तटल्यात, धारा कोण काढणार?"

राजलक्ष्मी आली. रडून चेहरा सुजलेला. तशीच गोठ्यात गेली. त्या दिवशी एकादशी होती आणि आरतीच्या प्रसादाला दूध द्यायची पाळी तात्यांच्या घराची होती. धारा काढून झाल्यावर दुधाची किटली घेऊन तीच देवळाकडे निघाली. देवापुढे थोडं बसावं, एवढंच तिच्या मनात असणार. तिच्या वडिलांनी निरवांगीच्या देवळात आयुष्यभर वीणा धरली होती. लहानपणी ती त्यांच्या पायाशी झोपलेली असायची.

तात्या गाभाऱ्याशी तुळशीचे हार लावत होते. तिने उंबऱ्यावर पाय ठेवलेला त्यांनी बघितला.

"मागं सर!"

टाळ थांबले.

"सुतक हाय तुला. बापाच्या राखंची माती अजून पायाला हाय तुझ्या, आणि तशीच आत शिरतीस व्हय?"

प्रसादाचा राजगिऱ्याचा शिरा करायला बसलेली छबूबाई उठून म्हणाली, "आवं तात्या, लग्न झालेल्या लेकीला तीनच दिस असतंय. फिटलं की तिचं."

"तू मला शिकवू नगंस. माळ माझ्या गळ्यात हाय."

राजलक्ष्मीने किटली उंबऱ्याबाहेर ठेवली. मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, जणू तिथे खरंच काही होतं. मग वळून गेली. तात्या पुढे झाले, किटली उचलली आणि आत नेली. दूध चाललं.

त्या दिवशी प्रसाद वाटताना बापूसाहेबांनी हात मागे घेतला. "आज नगं," म्हणाले.

त्यानंतर राजलक्ष्मी तात्यांशी बोलली नाही. कामात काही कमी केलं नाही. धारा वेळेवर, भाकरी गरम, अंघोळीचं पाणी काढलेलं. ताट ठेवायची आणि आत जायची. तात्यांनी काही विचारलं तर उत्तर कुशाबाईकडे बघून द्यायची. घरात भांडण असतं तर तात्यांना ते पेललं असतं. भांडणात ते आयुष्यभर राहिले होते. पण हे गप्प राहणं त्यांना कुठून धरावं कळेना.

दसऱ्याच्या सुमाराला दीपक एकदा म्हणाला, "तात्या, सप्ता झाला की आमी बारामतीला ऱ्हायला जातुया. कंपनीजवळ खोली बघितलीया. शिफ्टला बरं पडंल."

तात्या म्हणाले, "बरं."

सात वर्षं दीपक त्याच शिफ्टला गाडीवरून जात-येत होता. शिफ्टचं कारण दोघांनीही तसंच राहू दिलं.

त्यानंतर तात्यांनी राजलक्ष्मीशी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. गोठ्यात ती चंद्रीच्या कासेला पाणी मारत असायची आणि तात्या दारात येऊन उभे राहायचे. चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. शब्द छातीतून निघायचा, गळ्यापर्यंत यायचा, माळेपाशी अडायचा, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडायचं. "कडबा घातला का?" किंवा "ह्या गाईला डॉक्टरला दाखवाय पायजे." ती मान हलवायची. तात्या परत फिरायचे. पुढच्या वर्षीच्या सणांना घर रिकामं असणार होतं. ते कशाने रिकामं होणार हे त्यांना ठाऊक होतं. आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला एक लहान शब्द उचलत नव्हता.

पौषात वस्तीवर सप्ताह असतो. सात दिवस नाम थांबवायचं नाही आणि वीणा खाली टेकवायची नाही. एकजण गळ्यात वीणा घेऊन देवासमोर उभा राहतो, तार छेडत नाम घेतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो. घेणारा आधी देणाऱ्याच्या पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. तिथे वय, नातं, मान काही बघायचं नाही. आणि वीणा गळ्यात असेपर्यंत नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. या वस्तीवर बायकाही पहारा करतात, बहुतेक सकाळचा. मागच्या वर्षी राजलक्ष्मीने केला होता. या वर्षी तिने छबूबाईला सांगितलं, "मावशी, मी भाजी निवडीन, भाकरी थापीन, भांडी घाशीन. पण उंबऱ्याच्या आत मला बोलवू नका."

पहारे बापूसाहेब ठरवतात. तात्यांना त्यांनी दुपारचा दिला. दुपारचा पहारा कुणाला नको असतो. जेवणं झालेली असतात, टाळकरी टाळ उशाला घेऊन आडवे झालेले असतात, ऐकायला कुणी नसतं. रात्रीचा जागर केला तर लोक कौतुक करतात. दुपारी उभं राहिलेलं देवाशिवाय कुणी बघत नाही.

"मला कीर्तनाच्या येळंचा द्या की," तात्या म्हणाले.

"तुझा आवाज मोठा हाय म्हणून?"

"न्हाय तसं न्हाय..."

"दुपारचा घे. काय करायचं न्हाय बघ त्यात. मेंढरं चरत असत्यात तवा आमी काय करायचो? उभं ऱ्हायचो. उभं ऱ्हायला लागतंय एवढंच."

पहिले काही दिवस तात्या उभे राहिले. तोंडात रामकृष्णहरी आणि डोक्यात भांडण. कोण घोरतंय, कुणाच्या खिशात फोन वाजला, हार कुणी वाकडा लावला, समईत तेल कुणी घातलं नाही. हे सगळं ते मनात मांडून ठेवायचे आणि पहारा संपला की उंबऱ्याबाहेर येऊन एकेकाला सुनवायचे. पुढचा पहारा विजयसिंहचा होता. तात्यांच्या शेजारचं रान त्याचं. तो वेळेवर यायचा, पाया पडायचा, तात्याही त्याच्या पायाला बोटं लावल्यासारखं करायचे, आणि मोकळे व्हायचे.

सहाव्या दिवशी विजयसिंह आला नाही.

त्याच्या उसाला तोड आली होती. किती दिवस वाट बघत होता. दुपारी टोळी फडात उतरली आणि तो जेवणावरून उठून तसाच रानात पळाला. पहाऱ्याची आठवण त्याला राहिली नाही. वस्तीवरचे बाकीचे बापे कुणी फडात, कुणी झोपेत. देवळात दोघे टाळकरी भिंतीकडे तोंड करून झोपलेले, आणि खांबाला टेकून बापूसाहेब, काठी मांडीवर आडवी.

पहारा संपायची वेळ झाली तशी तात्यांची नजर दाराकडे गेली. मग पुन्हा गेली. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या, ट्रॅक्टरवरची गाणी देवळात शिरायची आणि लांब जायची. विजयसिंह दिसेना. आला की काय बोलायचं ते आपोआप तयार व्हायला लागलं. एकेक शब्द, धार लावलेला. देवाच्या कामाला टांग मारतुयास. तुझा ऊस काय देवापरीस मोठा झाला काय. तुझ्या बापानं तरी... 

तोंडातून निघत होतं रामकृष्णहरी.

आवाज चढला. नाम आता हाक मारल्यासारखं निघायला लागलं. एक टाळकरी कूस बदलून पुन्हा झोपला. बापूसाहेबांनी डोळे उघडले, तात्यांकडे सरळ बघितलं, आणि मिटले.

म्हातारा जागा आहे! जागा असून उठत नाही! राग विजयसिंहवरून उडून बापूसाहेबांवर बसला. तिथून टाळकऱ्यांवर, तिथून दीपकवर, खोली बघतो म्हणे. तिथून सगळ्या जगावर. कान तापले, बोटं तारेवर जोरात पडायला लागली. आता ओरडायला पाहिजे होतं. आजवर प्रत्येक वेळी नेमक्या याच ठिकाणी ते ओरडले होते. इथून पुढे राग कुठे जातो हे त्यांना माहीत नव्हतं, कारण इथून पुढे तो नेहमी दुसऱ्याच्या अंगावर असायचा. आज तो कुणाच्या अंगावर टाकता येत नव्हता. वीणा खाली ठेवता येत नव्हती, तोंड वापरता येत नव्हतं, पाय हलवता येत नव्हते. राग होता आणि ते होते.

दूध उतू येताना बघतात तसं त्यांनी बघितलं. आलं, काठापर्यंत आलं, फुगलं. आणि खाली बसलं.

तळाशी चंद्री होती, वासराला चाटत. मग उंबऱ्यापाशी मान खाली घालून उभी राहिलेली राजलक्ष्मी. तिने आपल्या पायांकडे बघितलं होतं तेव्हा तात्यांनी तिचा चेहरा बघितला होता. आपण काय बोललो हे त्याच क्षणी कळलं होतं त्यांना. एवढे महिने ते स्वतःला सांगत होते, की चुकून गेलं तोंडातून, नियम तो नियम, रागात कळलं नाही. तसं नव्हतं. कळलं होतं. कळूनही त्यांनी किटली उचलली होती आणि आत नेली होती.

नाम बारीक झालं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला हात मोकळा नव्हता. ते तसंच मिशीवर ओघळलं.

उन्हं देवळाच्या मागे गेली. तात्यांना गुडघ्यांचं जुनं दुखणं. बाहेर मांडवात बायका संध्याकाळची भाजी चिरत होत्या. त्यांच्यापासून बाजूला बसलेल्या छबूबाईने मान लांब करून आत बघितलं.

"अगं, विजयसिंह आलाच न्हाय वाटतं. तुझा सासरा कवाचा उभा हाय."

राजलक्ष्मी कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पाय बघ कसं लटपटत्यात. पडंल गं म्हातारा."

"पडू दे की," दुसरी एक हळूच म्हणाली. "देवासमोरच पडंल, सोनं हुईल." दोघी-तिघी पदराआड हसल्या.

"मी उठले असते," छबूबाई म्हणाली, "पण मला आज शिवायचं न्हाय. ह्यांचं चुलत भाऊ गेलं ना काल. सुतक हाय." असं म्हणून तिने जीभ चावली आणि राजलक्ष्मीकडे बघितलं.

राजलक्ष्मीने मांडीवरची कोथिंबीर परातीत ठेवली. आतून नाम येत होतं, तुटत तुटत. ते आता तात्यांच्या आवाजातलं वाटत नव्हतं. थकलेल्या कुठल्याही माणसाच्या आवाजातलं होतं. ती थोडा वेळ ऐकत बसली. मग उठली, नळावर हातपाय धुतले, पदर खोचला, आणि देवळाच्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याबाहेर. तिथून पुढे ती आली नाही.

तात्यांनी तिला बघितलं. ये म्हणायचं होतं. म्हणता येत नव्हतं. रामकृष्णहरी, ते म्हणाले. ती हलली नाही. ये म्हटल्याशिवाय ती येणार नव्हती, आणि ये म्हणायला त्यांच्याकडे तोंड नव्हतं.

तात्या तार छेडत एकेक पाऊल टाकत दाराकडे आले. बापूसाहेबांचे डोळे आता उघडे होते. उंबऱ्यापाशी येऊन तात्या थांबले. रीत अशी, की आधी घेणाऱ्याने वाकायचं. तात्यांनी डाव्या हाताने वीणा छातीशी घट्ट धरली, उजवा हात दगडी उंबऱ्यावर टेकला, आणि ते आधी एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या गुडघ्यावर खाली बसले. त्यांनी उंबऱ्याच्या अलीकडून पलीकडे वाकून आपलं कपाळ सुनेच्या पायांवर ठेवलं. पाय ओले होते. धुतले तरी नखांच्या कडांत माती होती आणि एका पायावर कोथिंबिरीचं पान चिकटलेलं.

मांडवात विळ्यांचा आवाज थांबला.

"तात्या," राजलक्ष्मी घाईने म्हणाली, "वीणा सांभाळा. टेकंल."

इतक्या महिन्यांत त्यांच्याशी बोललेलं ते तिचं पहिलं बोलणं.

तिने एका हाताने वीणा धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांना दंडाला धरून उठवलं. उंबरा ओलांडून आत आली. त्यांच्या पायाला हात लावला आणि वीणेचा पट्टा आपल्या गळ्यात घेतला. तिची बोटं तारेवर अशी गेली जणू मधलं वर्ष नव्हतंच.

आता तात्यांचं तोंड मोकळं होतं.

"पोरी," ते म्हणाले. आवाज एवढा लहान की मांडवात कुणाला ऐकू गेला नसता. "चुकलं माझं. तवा कळलं हुतं मला. कळून बोललो."

"रामकृष्णहरी," राजलक्ष्मी म्हणाली. दुसरं काही ती म्हणू शकत नव्हती.

उत्तर मिळेपर्यंत थांबणं भाग होतं. तात्या बापूसाहेबांच्या शेजारी खांबाला टेकून बसले. कपाळाला बुक्क्यावर थोडी माती लागली होती, कोथिंबिरीचं पानही. बापूसाहेबांनी ते पान बोटाने काढलं आणि खिडकीत ठेवलं.

अंधारायच्या आत विजयसिंह धावत आला. डोक्यात पाचटाचे तुकडे, हात काळे. दारातूनच बोलायला लागला, "तात्या, पाया पडतो, माफ करा, टोळी अचानक आली हो, मुकादम थांबंना, मी..." आणि पुढचं ऐकायला अंग चोरून उभा राहिला. मांडवातल्या बायकाही कान देऊन होत्या.

दुपारी धार लावलेले शब्द तात्यांच्या जिभेवर आले. त्यांनी ते आलेले बघितले.

"बस," म्हणाले. "आधी पाणी पी."

बाहेरून छबूबाईची कुजबूज आली, "ऐकलंस का गं? पाणी पी म्हणला!"

विजयसिंहने हातपाय धुऊन वीणा घेतली. राजलक्ष्मी त्याच्या पाया पडली आणि बाहेर न जाता खांबापाशी आली. तात्या उठायला लागले, तिने खुणेने बसा म्हटलं आणि समोर बसली.

"तात्या, आमी बारामतीला जाणार."

"व्हय," तात्या म्हणाले.

"दीपकनं शब्द दिलाय खोलीवाल्याला. आणि मलाबी थोडं लांब ऱ्हायचंय. पण रुसून जाणार हुते, तशी आता न्हाय जाणार."

तात्यांनी मान हलवली.

"माझ्या वडलांच्या पायाला कायम माती असायची," ती म्हणाली. "रानातनं तसंच यायचं वीणेला. तुमी तसं बघितलं असतं त्यांना एकदा तरी, तर असं बोलला नसता."

हो म्हणणं सोपं होतं. तात्या म्हणाले, "बोललो असतो पोरी. तवा बोललो असतो."

राजलक्ष्मीने त्यांच्याकडे बघितलं. मग उठली. भाकरी थापायच्या राहिल्या होत्या.

संक्रांत झाल्यावर टेम्पो आला. कपाट दारात अडकलं तेव्हा तात्या सवयीने गरजले, "आरं डावीकडनं घे की!" आणि सगळे जागच्या जागी थांबले. तात्याही थांबले. पुढे होऊन त्यांनी कपाटाचा खालचा कोपरा उचलला. जाताना राजलक्ष्मीने उंबऱ्यावर पाय ठेवून सांगितलं, "पुढच्या सप्त्याला तुमच्या पाठनं माझा पहारा. बापूसाहेबांना आत्ताच सांगून ठेवा."

आता गोठ्यात तात्या आणि कुशाबाई दोघंच. धारा तात्या काढतात. गाईंना त्यांच्या हाताची हळूहळू सवय होते आहे. रविवारी दुपारी बारामतीहून फोन येतो, दीपक थोडं बोलतो, राजलक्ष्मी चंद्रीची चौकशी करते. देवळात दुपारी कुणी नसतं तेव्हा तात्या जाऊन उभे राहतात. वीणा नसते, नुसतेच. कुणी विचारलं तर सांगतात, "उभं ऱ्हायची सवय करतुया."

परवा चंद्रीने लाथ मारली. पुन्हा व्याली आहे, या वेळचं वासरू धडधाकट आहे, त्याच्याकडे ओढ घेत होती. भरत आलेली किटली आडवी झाली आणि दूध शेणातून वाहत गेलं. तात्या ताडकन उठले. कुशाबाई पिठाच्या हाताने दारात आली आणि तिथेच थबकली.

तात्यांचा हात वर गेला होता. तो छातीपाशी येऊन थांबला, जिथे वीणेचा पट्टा असतो तिथे. ओठ हलत होते. मान ताठ झाली होती, शिरा दिसत होत्या. कुशाबाई बघत राहिली. चंद्री वासराला चाटत होती.

मग तात्यांनी श्वास सोडला. "दुसरी किटली आण," म्हणाले.

कुशाबाईने त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे.

"तुमीच आणा," ती म्हणाली. "माझं हात पिठात हायत."

तात्या किटली आणायला गेले.